टायर रुंद करण्याआधी रस्त्याचा हिशेब मागा



शिरूर आणि दौंड तालुक्यांत शेतमाल आता बैलगाडीतून नव्हे, पिकअपमधून बाजारात जातो. पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाईकडचा कांदा असो, नाहीतर रोटी, कुसेगाव, जिरेगावकडची ज्वारी आणि कडबा असो, डांबरीवर गाडी सुखाने पळते. ती अडते डांबरीपासून बांधापर्यंतच्या शेवटच्या एक-दोन किलोमीटरात. काळ्या रानात पाऊस झाला की चाके रुततात आणि ट्रॅक्टर आणून गाडी ओढून काढावी लागते. म्हणून बैठक उठली की तरुण पोरे हमखास विचारतात, "पाट्याखाली ठोकळे घालून गाडी न उचलता, नुसत्या रुंद डिस्क आणि रुंद टायर बसवले तर भागेल का?"

आमचे उत्तर असे. थोडे रुंद टायर मोजूनमापून बसवता येतात. फार रुंद टायर बसवले तर गाडीचे आणि खिशाचे नुकसान होते. आणि टायर कितीही रुंद केले तरी न बांधलेल्या रस्त्याची भरपाई त्यातून होत नाही.

चाकाचे शास्त्र शेतकऱ्याला नवे नाही. लाकडी चाकाची अरुंद लोखंडी धाव ओल्या रानात चाकोरी कापत जायची. हवेच्या टायरची गाडी आली आणि त्याच बैलजोडीने जास्त माल ओढायला सुरुवात केली. पाबळच्या विज्ञान आश्रमात तर जुन्या जीपचे भाग वापरून छोटा ट्रॅक्टर तयार झाला. तेव्हा गाडीत बदल करणे हा पोरकटपणा आहे, असे आम्ही म्हणणार नाही. फक्त हिशेब आधी झाला पाहिजे.

टायरच्या बाजूला आकडे असतात. समजा २१५/७५ आर १५ असे लिहिले आहे. याचा अर्थ टायर २१५ मिलीमीटर रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, आणि डिस्क १५ इंची. या टायरची एकूण उंची सुमारे ७०४ मिलीमीटर भरते. त्याजागी २३५/७५ आर १५ घातला तर उंची ७३४ होते. म्हणजे टायर रुंदीला २० मिलीमीटर वाढला, पण उंचीलाही ३० मिलीमीटर वाढला. ही वाढलेली उंचीच मडगार्डला घासते. शिवाय चाकाचा घेर चार टक्क्यांनी वाढतो. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टने पळत असते आणि घाटात इंजिनाची ओढ तेवढीच कमी पडते. याउलट २३५/७० आर १५ घेतला तर उंची ७१० भरते, म्हणजे जुन्यापेक्षा फक्त ६-७ मिलीमीटर जास्त. गाडी उचलायची नसेल तर नियम सोपा आहे : रुंदी वाढवाल तेव्हा बाजूची टक्केवारी उतरवा आणि एकूण उंची जुनीच राहू द्या.

आता घासण्याचा प्रश्न. रिकामी गाडी सपाट जागी उभी करून बोटे घालून पाहिली आणि जागा आहे म्हणून समाधान मानले, असे चालत नाही. पिकअप भरली की पाटे दबतात आणि हौदा चाकावर उतरतो. पुढचे चाक स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आतल्या बाजूला घासते. मागचे चाक पाट्याच्या अंगाला लागते. म्हणून तपासणी भरल्या गाडीवर, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून आणि एक चाक खड्ड्यात घालून करावी. जुन्या अरुंद डिस्कवर रुंद टायर चढवला तर तो मध्ये फुगतो आणि मधोमधच झिजतो. आणि आत घासते म्हणून चाक बाहेर काढायला हबवर चकती घातली, तर सगळा भार बेअरिंगवर आणि नटबोल्टवर पडतो. मालवाहू गाडीला ही चकती घालूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रुंदीपेक्षा मोठा आकडा भाराचा आहे आणि तो कुणी वाचत नाही. मापाच्या पुढे १००, १०५, १०९ असा आकडा असतो. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५ किलो, १०९ म्हणजे १०३० किलो. मोटारीसाठी केलेला रुंद, दिसायला दणकट टायर पिकअपच्या मूळ अरुंद टायरपेक्षा कमी भाराचा असू शकतो. रुंद म्हणजे मजबूत असे मुळीच नाही. नवा टायर मूळ टायरपेक्षा कमी भाराचा असेल तर तो फुकट मिळाला तरी घेऊ नये. स्टेपनीही त्याच मापाची लागते, म्हणजे खर्च चारचा नव्हे, पाच टायरांचा आणि पाच डिस्कांचा धरावा.

एवढे करून गाडी रुतायची थांबेल का? इथे खरी गोम आहे. चाक जमिनीवर किती पसरते हे मुख्यतः हवेवर ठरते, रुंदीवर नाही. एका चाकावर ७०० किलो भार आहे आणि हवा ५० पौंड आहे, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साडेतीन किलो. तर चाकाचा जमिनीला टेकलेला भाग साधारण २०० चौरस सेंटीमीटर भरतो. टायर रुंद केला आणि हवा ५० पौंडच ठेवली तरी हा भाग जवळपास तेवढाच राहतो, फक्त लांबट होता तो आडवा होतो. हवा ३० पौंडांवर आणली तर तोच भाग ३३० च्या घरात जातो आणि गाडी तरते. पण ३० पौंड हवेवर भरलेली गाडी सोलापूर रस्त्यावर पळवली तर टायर तापून फुटतो. म्हणजे रुंद टायरचा फायदा हवा उतरवल्याशिवाय मिळत नाही आणि माल भरलेला असताना हवा उतरवता येत नाही. दुकानदार हे सांगणार नाही.

काळ्या चिकट चिखलात तर टायरची नक्षी मातीने भरते आणि रुंद चाक जागच्या जागी फिरते. अशा वेळी झिजलेल्या रुंद टायरपेक्षा खोल नक्षीचा मूळ मापाचा टायर बरा. मालवाहू गाडीच्या टायरची नक्षी १.६ मिलीमीटरच्या खाली जाता कामा नये, हा तर नियमच आहे.

आता जमिनीकडे पाहू. आपली रब्बी ज्वारी पावसावर नव्हे, जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते. वापसा नसताना रानात भरलेली गाडी फिरली की माती दबते आणि मुळांची वाट बंद होते. रुंद टायर आणि कमी हवा यांनी वरचा थर थोडा वाचतो. खालच्या थराचे दबणे मात्र एका धुरीवर एकूण किती वजन आहे यावर ठरते, तिथे रुंद टायरचा उपयोग नाही. तेव्हा रुंद टायर आले म्हणून गाडी रानाच्या मधोमध नेऊ नका. बांधालगतचा एकच पट्टा गाडीसाठी ठरवा, माल थोडा थोडा तिथवर आणा आणि पूर्ण भर डांबरीजवळ घाला. याला खर्च नाही.

कापूस आणि कडबा पिकवणाऱ्यांसाठी आणखी एक. हा माल वजनाला हलका आणि आकाराला मोठा. थप्पी उंच जाते आणि गाडी रुतण्यापेक्षा कलंडण्याचा धोका मोठा असतो. ठोकळे घालून गाडी उचलली तर हा धोका वाढतो. म्हणून "न उचलता" हा पोरांचा आग्रह बरोबरच आहे.

कायद्याचेही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले. म्हणून कंपनीने त्या गाडीच्या कोणत्याही प्रकाराला दिलेल्या मापाच्या आत राहा. नाहीतर अपघात झाल्यावर विमा कंपनीच्या हाती आयतेच कारण सापडते. जादा माल भरल्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. टायर रुंद झाला म्हणून गाडीची परवानगीची वहनक्षमता एका किलोनेही वाढत नाही.

हा सगळा हिशेब मांडल्यावर मूळ प्रश्न उरतोच. शेतकऱ्याने पाच टायरांचा खर्च का करायचा? कारखान्याच्या दारात डांबरी जाते. रांजणगाव आणि कुरकुंभच्या वसाहतींत मालाची गाडी चिखलात बसली म्हणून कुणी टायर बदलत नाही. शेतकऱ्याच्या बांधापर्यंत मात्र रस्ता नाही, आणि तो नसल्याचा दंड त्याने टायर, डिझेल, ओढून काढण्याची मजुरी आणि उशिरा पोचलेल्या मालाचा पडलेला भाव अशा चार रूपांत भरायचा. उत्पादन खर्च काढणाऱ्या कुठल्या कागदावर हा खर्च धरला जातो?

रस्त्याचा प्रश्न चळवळीला परका नाही. शेजारच्या खेड तालुक्यात जानेवारी १९८० मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी वांद्रे ते चाकण ६४ किलोमीटर पायी चालत गेले. कांद्याच्या भावासाठी लढणाऱ्या त्याच शेतकऱ्यांची त्या मोर्चातली मागणी रस्त्याची होती. भाव आणि रस्ता वेगळे नाहीत हे त्यांना कळले होते.

आज हातात कागदही आहेत. गावनकाशावर तुटक दुहेरी रेषेने दाखवलेला गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फुटांचा असतो. तो कुणी नांगरून आत घेतला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली, अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत, तहसीलदारांकडे दावा करता येतो. रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. २०२१ मध्ये सरकारने मातोश्रींच्या नावाने पाणंद रस्त्यांची योजना जाहीर केली. मे २०२५ मध्ये शेतरस्ता किमान तीन ते चार मीटरचा असावा आणि त्याची नोंद सातबाराच्या इतर हक्कांत व्हावी, असा निर्णय काढला. कागदावर रस्ता रुंद झाला आहे. रानात तो अजून बैलगाडीच्या चाकोरीएवढाच आहे.

यात दोष फक्त सरकारचा नाही, हेही बोलले पाहिजे. पाणंद आत घेणारा आपलाच भाऊबंद असतो. दोन फुटांच्या हव्यासापायी आपण सगळ्या शिवाराची गाडी अडवतो आणि मग चार जणांनी चार गाड्यांना रुंद टायर घालायचे.

म्हणून ज्याला टायर बदलायचेच आहेत त्याने वर सांगितलेला हिशेब करून बदलावे. बाकीच्यांनी तो पैसा तूर्त हातात ठेवावा. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने आपल्या गावनकाशाची प्रत आणावी. कोणता गाडीमार्ग किती फूट होता आणि आज किती उरला, हे टेप लावून मोजून आणावे. आपसात सुटतात ते रस्ते गावातच मोकळे करू. जे सुटणार नाहीत त्यांची गाववार यादी घेऊन शिरूर आणि दौंडच्या तहसील कचेऱ्यांत एकाच दिवशी जाऊ.