तारपा मोबाइलमध्ये का हरवतो?

दिवाळीच्या आगेमागे पालघर जिल्ह्यातल्या एखाद्या पाड्यावर रात्री तारपानाच रंगलेला असतो. कुणीतरी खिशातून मोबाइल काढतो, दोन मिनिटांचं चित्रीकरण करतो आणि दुसऱ्या दिवशी घरी लावून बघतो. चित्र छान आलेलं असतं. पायांचा ठेका दिसतो, घुंगरांचा आवाजही कळतो. पण ज्याच्या जोरावर सगळं वर्तुळ फिरत होतं तो तारपा कुठे गेला? कधी तो क्षीण होतो, कधी मध्येच गुदमरतो, कधी स्वस्त भोंग्यासारखा किरकिरतो. अंगणात उभं असताना तोच आवाज छातीत जाणवत होता.

शिरसाड फाट्यावरून वज्रेश्वरीकडे निघालं की मांडवी, चांदीप, पारोळ ही याच जिल्ह्यातल्या वसई तालुक्याच्या पूर्व पट्ट्यातली गावं लागतात. जवळच तुंगारेश्वरचं जंगल, आणि पश्चिमेला रोज पहाटे लोकल पकडणारं विरार. चांदीपच्या आसपासचा एखादा तरुण एकाच दिवसात लोकलचा खडखडाट, कानातल्या इयरबड्समधलं गाणं, रात्रीचा मोबाइल गेम आणि हळदीतला डीजे हे सगळं ऐकू शकतो. त्याच्याच जिल्ह्यातलं सर्वांत देखणं वाद्य मात्र त्याच्या फोनमध्ये नीट उतरत नाही. ध्वनीच्या शौकिनाने तंत्रज्ञानाच्या बातम्या वाचायच्या, तर त्या याच जागी उभं राहून वाचाव्यात.

आधी वाद्य जवळून पाहू. वाळवून पोकळ केलेला लांबट दुधी भोपळा हा तारप्याचा हवेचा कोठा. त्याला बांबूच्या दोन नळ्या जोडलेल्या असतात, त्यांना बोटांसाठी भोकं आणि आत कंप पावणाऱ्या जिभा. सांधे मेणाने बुजवलेले. शेवटाला ताडाच्या पानांचा मोठा कर्णा, तो आवाज फुलवून बाहेर फेकतो. वाजवणारा गालात हवा धरून ठेवतो, नाकाने श्वास घेतो आणि गालातली हवा आत सोडत राहतो. त्यामुळे सूर तुटत नाही. दोन्ही नळ्यांतून एकाच वेळी निघणारे स्वर एकमेकांवर घासतात आणि त्यातून एक थरथर उठते. सतारीच्या जव्हारीवर जीव टाकणाऱ्यांना ही थरथर लगेच ओळखू येईल. तारप्याचा सगळा जीव या दोन गोष्टींत आहे: न तुटणारा सूर आणि त्याची थरथर.

मोबाइल नेमका याच दोन गोष्टींवर घाव घालतो.

फोन मुळात माणसाचं बोलणं टिपण्यासाठी बनला आहे. बोलणं थांबतं, सुरू होतं, चढतं, उतरतं. पंखा, इंजिन, एसी यांचा आवाज मात्र एकसारखा चालू राहतो. म्हणून गोंगाट कमी करणाऱ्या प्रणालीला शिकवलेलं असतं की जे एकसारखं चालू आहे ते नको असलेलं, ते दाबा. तारप्याचा अखंड सूर अशा प्रणालीला पंख्यासारखाच वाटतो. दुसरा घाव आपोआप आवाज कमीजास्त करणाऱ्या यंत्रणेचा. नाचणारे जवळ आले की फोन पातळी खाली ओढतो, दूर गेले की वर चढवतो. प्रत्यक्षात जवळ येण्याला आणि दूर जाण्याला जो अर्थ होता तो सपाट होऊन जातो. तिसरा घाव पाठवताना बसतो. मेसेजिंग ॲपवरून चित्रफीत पुढे गेली की ती आकसली जाते. कानाला फारसं कळणार नाही असं गणिताला वाटतं ते सगळं गळून पडतं, आणि त्यात ती बारीक थरथर असतेच.

हा अनुभव फक्त पाड्यावरचा नाही. करोनाच्या काळात पुण्या-मुंबईचे गुरू आणि परदेशातल्या मराठी घरांतली मुलं यांचे गाण्याचे वर्ग व्हिडिओ कॉलवर सुरू झाले, तेव्हा अनेकांना हाच धक्का बसला. तानपुरा लावला की पहिले काही क्षण ऐकू यायचा, मग विरून जायचा. कारण तेच. तानपुराही अखंड वाजतो, म्हणून संगणकाने त्याला गोंगाट ठरवलं. झूमने पुढे संगीतासाठी ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ ही सोय सुधारून दिली. ती चालू केली की आवाजावरची छाटणी थांबते. आजही ऑनलाइन गाणं शिकणाऱ्या कित्येक घरांत हे बटण कुणी दाबलेलं नसतं.

आता बातम्यांकडे वळू. सप्टेंबर २०२५ मध्ये स्पॉटिफायने अनेक वर्षं लांबलेली लॉसलेस सेवा सुरू केली, २४ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झपर्यंतची. ॲपल म्युझिकने ती जून २०२१ मध्येच, जादा पैसे न घेता, डॉल्बी ॲटमॉससोबत दिली होती. लॉसलेस म्हणजे आकसलेली फाइल उघडल्यावर मूळ आवाजाचा एकही कण हरवलेला नसणं. आकडे साधे आहेत. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं मोजमाप घेतलेलं असतं, प्रत्येक मोजमाप १६ बिटांचं, आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतात. चार मिनिटांचं गाणं असं कच्चं ठेवलं तर ४२ एमबीच्या आसपास जातं. नेहमीच्या स्ट्रीमिंगची वरची पातळी ३२० किलोबिट, म्हणजे चौथ्या हिश्शाहूनही कमी.

बातमी वाचून वर्गणी वाढवणाऱ्याने मात्र पुढची पायरीही पाहावी. गाणं फोनपर्यंत शाबूत आलं, तरी फोनपासून कानापर्यंतचा शेवटचा वीतभर रस्ता ब्लूटूथचा असेल, तर तिथे ते पुन्हा आकसतं. ब्लूटूथवर आवाज आकसवणारी साधी पद्धत, म्हणजे कोडेक, साधारण ३०० ते ३५० किलोबिटांत काम करते. सोनीचा एलडॅक कोडेक उत्तम परिस्थितीत ९९० पर्यंत जातो, तोही १,४११ च्या खालीच. ज्याला फरक खरंच ऐकायचा आहे त्याने वायरचा हेडफोन लावावा. फोनला हेडफोनचं छिद्र नसेल तर यूएसबीला लावायचा छोटासा डॅक, म्हणजे फोनमधल्या आकड्यांचा आवाज करणारा जोड, घ्यावा, आणि रात्री घर शांत झाल्यावर ओळखीचं एकच गाणं दोन्ही तऱ्हांनी ऐकावं. लोकलच्या खडखडाटात लॉसलेस ऐकणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

आणि मूळ ध्वनिमुद्रणच वाईट असेल तर लॉसलेस काही भर घालत नाही. ते वाईट ध्वनिमुद्रण जसंच्या तसं पोचवतं, एवढंच. तारप्याच्या बाबतीत आपण अजून या पहिल्याच पायरीवर अडलेले आहोत.

ही पायरी कशी चढावी, हे गेमिंगकडून शिकता येईल. ती दुनिया ध्वनीच्या बाबतीत गाण्याच्या दुनियेपेक्षा पुढे गेली आहे, हे अनेक संगीतप्रेमींच्या ध्यानात येत नाही. गेम खेळणाऱ्याला शत्रूची पावलं डावीकडून येतात की मागून, हे कानाने कळावं लागतं. आपला मेंदू हे फार बारीक फरकांवरून ठरवतो. उजवीकडचा आवाज डाव्या कानात जरा उशिरा पोचतो, आणि हा उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. त्यात डोक्याची आडकाठी आणि कानाच्या पाळीच्या घड्या आवाजाचा पोत बदलतात. हे सगळं गणितात बसवून साध्या हेडफोनमध्ये चारही दिशा उभ्या करणं म्हणजे थ्रीडी ऑडिओ. सोनीने २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये त्यासाठी टेम्पेस्ट नावाची स्वतंत्र यंत्रणाच बसवली. गेमर वायरच्या हेडफोनला चिकटून राहतात त्याचंही कारण कानाशी जोडलेलं आहे. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज एक ते दोन दशांश सेकंद मागे पडतो. गाण्यात ते कळत नाही, पण खेळात तेवढ्यात डाव संपतो.

आता हे तंत्र हाती घेऊन पुन्हा पाड्यावरच्या अंगणात यावं. तारपानाचात वाजवणारा मधोमध असतो. एकमेकांच्या कमरेला हात घातलेली माणसं त्याच्याभोवती वळसे घेत फिरतात. तो वळला की रांग वळते. नाचणारे तारप्याकडे पाठ करत नाहीत. म्हणजे रांगेतल्या माणसाला तारपा सतत एका बाजूने, पण दर पावलाला किंचित बदलत ऐकू येतो. पुढे असलेल्याच्या काठीचे घुंगरू एका कानाशी, शेजाऱ्याचा श्वास दुसऱ्या कानाशी, जमिनीवर आपटणारी पावलं खालून. थ्रीडी ऑडिओसाठी याहून चांगला विषय शोधून सापडणार नाही. दोन कानांपाशी दोन छोटे मायक्रोफोन लावून कुणी रांगेतच नाचला, तर बाहेर उभं राहून केलेल्या शंभर चित्रफितींपेक्षा ते एक ध्वनिमुद्रण अधिक खरं असेल.

महाराष्ट्रातल्या गेम बनवणाऱ्यांनीही हे मनावर घ्यायला हवं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ जगापुढे आणला. २०१७ मध्ये लोकवर्गणीचं लक्ष्य हुकलं होतं, तरी ती मंडळी थांबली नाहीत. पुढे द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकन मिळालं. भारतीय लघुचित्रांचे रंग आणि छायाबाहुल्यांतून उलगडणारी कथा जगभरच्या खेळाडूंना भावली. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा ‘इंडस’ हा बॅटल रॉयल खेळ ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. घर, वेश, रंग, पुराणकथा इथून घेण्याइतकी हिंमत आपल्या खेळांत आली आहे. पुढची पायरी कानाची आहे. जव्हारच्या जंगलात घडणारा एखादा खेळ असावा, त्यात रस्ता चुकलेल्या खेळाडूने दूरच्या तारप्याच्या दिशेने चालत पाड्यापर्यंत पोचावं. तंत्र आज हाताशी आहे, वाद्य पालघर जिल्ह्यात आहे.

याच जोडीला एक बातमी कानाच्या तब्येतीची. मार्च २०२५ मध्ये, जागतिक श्रवण दिनाच्या निमित्ताने, जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी व्हिडिओ गेम आणि ई-स्पोर्ट्ससाठी सुरक्षित ऐकण्याचं मानक जाहीर केलं. खेळाने आणि उपकरणाने खेळाडू किती मोठ्या आवाजात किती वेळ ऐकतो याचा हिशेब ठेवावा आणि त्याला सावध करावं, असा त्याचा रोख आहे. मोठ्या माणसाचा आठवड्याचा कोटा सोपा आहे: ८० डेसिबलला ४० तास. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच तास. विरारहून चर्चगेटला रोज जाऊन-येऊन अडीच-तीन तास लोकलच्या आवाजावर मात करण्यासाठी गाणं चढवत नेणाऱ्याचा कोटा आठवड्याच्या मध्यातच संपू शकतो. गोंगाट कापणारे हेडफोन इथे खरे उपयोगी पडतात, कारण गाडीची घरघर कमी झाली की गाणं कमी आवाजात पुरतं. एकदा मेलेल्या श्रवणपेशी माणसाच्या कानात परत उगवत नाहीत.

मशीनने बनवलेल्या गाण्यांची बातमीही तारप्यापाशीच येऊन मिळते. सुनो आणि युडिओ या सेवा दोन ओळी लिहिल्या की पूर्ण गाणं बनवून देतात. जून २०२४ मध्ये मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी दोघींवर दावे लावले. २०२५ च्या अखेरीस त्यांतल्या युनिव्हर्सलने युडिओशी आणि वॉर्नरने सुनोशी समझोता केला. भांडण होतं ते मशीनला शिकवण्यासाठी वापरलेल्या ध्वनिमुद्रणांच्या मालकीचं. ज्यांच्याकडे ध्वनिमुद्रणं आणि मालकीचे कागद दोन्ही होते, त्यांना वाटाघाटीच्या मेजावर जागा मिळाली. ज्या वाद्याचं ध्वनिमुद्रण निनावी चित्रफितींत विखुरलेलं आहे, त्याच्या वाजवणाऱ्याला ती मिळणार नाही.

तारप्याचं चित्र मात्र कधीच जगभर पोचलं. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रं कागदावर आणि कापडावर उतरवली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. तारपावाल्याभोवतीचं ते नाचणाऱ्यांचं वेटोळं आज कपांवर, साड्यांवर, भिंतींवर दिसतं. ते चित्र ओळखणाऱ्या लाखो लोकांनी त्यातलं वाद्य एकदाही ऐकलेलं नाही. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा आयुष्यभर तारपे घडवत आणि वाजवत आले. जानेवारी २०२६ मध्ये, वयाची नव्वदी उलटल्यावर, त्यांना पद्मश्री जाहीर झाली. सन्मान योग्य माणसाला मिळाला. आता त्यांच्या पिढीचा आवाज त्याच तोलाने जपला गेला पाहिजे, आणि त्यासाठी वेळ थोडा आहे.

काम सामान्य शौकिनालाही जमण्यासारखं आहे. पुढच्या दिवाळीला पाड्यावर जाणार असाल तर आधी विचारा, वाजवणाऱ्याची आणि पाड्याची परवानगी घ्या, मोबदला ठरवा. फोन वापरायचा असेल तर पातळी हाताने ठरवता येईल असं रेकॉर्डिंग ॲप घ्या, आवाज आपोआप कमीजास्त करणारी आणि गोंगाट कापणारी सोय बंद करा, फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये ठेवा. छोटा रेकॉर्डर मिळाला तर उत्तम. त्यावर वाऱ्यासाठी फोमची टोपी घाला. कर्ण्याच्या अगदी तोंडासमोर न ठेवता चार-पाच पावलं बाजूला ठेवा आणि मध्ये न थांबवता पूर्ण नाच टिपा. शेवटी त्याच फाइलमध्ये वाजवणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने आपलं नाव, गाव आणि चालीचं नाव सांगावं. एक प्रत त्यांच्या घरी द्या. १९८२ मध्ये सुरू झालेलं आणि आता गुरुग्राममध्ये असलेलं ‘आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी’ अशा ध्वनिमुद्रणांचंच जतन करतं, दुसरी प्रत त्यांना विचारून पाठवा. आणि मेसेजिंग ॲपवरून पुढे पाठवताना चित्रफीत म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे ती आकसणार नाही.