साठी, बुद्धि आणि रक्ताचा ओघ

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण आपल्या घरांत इतकी रुळली आहे, कीं आजोबा चष्मा विसरले तरी ती ऐकूं येते आणि आजींना भोवळ आली तरीही तीच. थट्टेपुरती ती असावयास हरकत नाहीं. परंतु तिच्या आधारें वडील माणसाचें दुखणें ‘वयोमान’ म्हणून सोडून दिलें जातें, तेव्हां तिची परीक्षा करणें अवश्य होतें.

मस्तकास संस्कृतांत उत्तमांग म्हणतात, आणि शरीरही त्यास तसाच मान देतें. मेंदूचें वजन शरीराच्या सुमारें पन्नासाव्या हिश्श्याइतकें. पण विश्रांतीच्या वेळीं हृदयांतून निघणाऱ्या रक्ताचा सुमारें सातवा व प्राणवायूचा पांचवा हिस्सा तो एकटा घेतो. प्रौढाच्या मेंदूंतून मिनिटास पाऊण लिटरच्या आसपास रक्त वाहतें. तेथें शिलकेचा सांठा मात्र जवळजवळ नाहीं; ओघ पुरता थांबल्यास सुमारें दहा सेकंदांत शुद्ध हरपते.

आमच्या निफाड तालुक्यांत गोदावरी-कादवेच्या संगमापाशीं नांदूर-मध्यमेश्वरचा बंधारा आहे. नदी चढो वा उतरो, दारें उघडून-मिटून पाटाचें पाणी बेताचें राखावें लागतें. मेंदूंतील बारीक धमन्याही हेंच करितात. रक्तदाब वाढला कीं त्या आकुंचन पावतात, उतरला कीं रुंदावतात. शिवाय ज्या भागास काम पडेल तिकडे अधिक रक्त सोडतात.

मग वय वाढतां काय होतें? अमेरिकेंत बेथेस्डा येथें १९५० नंतरच्या दशकांत याची कसून तपासणी झाली. १९६३ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या वृत्तांतांत पहिलें नांव डॉ. दाराब दस्तूर यांचें होतें. पुढें मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत मज्जासंस्थेच्या विकृतींवर त्यांनीं दीर्घकाळ संशोधन केलें. सत्तरीच्या सुमाराचे निवडक निरोगी पुरुष आणि विशींतले तरुण यांची तुलना करतां, मेंदूंतील रक्ताच्या ओघांत लक्षांत घेण्याजोगा फरक आढळला नाहीं. ज्यांच्या धमन्या कठीण झाल्या होत्या त्यांच्यांत मात्र तो कमी भरला.

पुढील काळाच्या सूक्ष्म यंत्रांनीं एवढेंच दाखविलें, कीं मध्यम वयानंतर निरोगी माणसांतही ओघ किंचित् उतरतो. तें मान साधारणतः दरवर्षीं शेंकडा अर्ध्याच्या आसपास वा त्याहून कमी. बरें, हा उतार साठीसच सुरू होतो असेंही नाहीं. वजनाच्या मानानें मेंदूंत सर्वांत अधिक रक्त खेळतें तें पांच-सहा वर्षांच्या वयांत, प्रौढाच्या दीडपटीहूनही जास्त. केवळ ओघावरूनच बुद्धि मोजावयाची, तर ती सातव्या वर्षापासूनच नासूं लागली असें म्हणावें लागेल!

तात्पर्य, खरा शत्रु वय नव्हे. धमन्या कठीण करणारा रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू हे होत. निफाडची कडाक्याची थंडी प्रसिद्धच आहे, व थंडींत रक्तदाब चढतो; म्हणून हिवाळ्यांत तो मोजून घेण्यास विसरूं नये. उलट, बिछान्यावरून एकाएकीं उठतां दाब उतरतो व वृद्ध शरीरास सांवरावयास वेळ लागतो. वडील मंडळींनीं आधीं कांहीं क्षण बसावें, मग उभें राहावें. नित्य चालणें सोडूं नये.

घरांतील तरुणांसही एक सांगणें आहे. चष्मा कोठें ठेवला हें आठवत नसेल, तर शोधून द्यावा. पण नेहमींचा रस्ता चुकूं लागला, हिशेब जमेनासा झाला, तर वैद्यकीय तपासणी करावी. आणि एकाएकीं तोंड वांकडें झालें, हात लुळा पडला वा बोलणें अडखळलें, तर सकाळची वाट न पाहतां त्याच घटकेस रुग्णालय गाठावें. पहिल्या साडेचार तासांत कित्येक रोग्यांस अडथळा विरघळविणारें औषध देतां येतें. तो वेळ म्हण उच्चारण्यांत घालविला, तर नाठी बुद्धि साठीची नव्हे, आपलीच म्हणावी लागेल.