विश्लेषण : ओल्या डोंगरात डाऊन की सिंथेटिक? स्लीपिंग बॅग निवडताना नेमके काय पाहावे?

अलास्का आणि रॉकी पर्वतात पाठीवर मुक्काम घेऊन फिरणारे अनेक शिकारी वजनाला जड असूनही सिंथेटिक स्लीपिंग बॅग पसंत करतात. हिमालयात जाणाऱ्या मराठी ट्रेकर्सनी त्यामागचे गणित समजून घेण्याची गरज आहे. कारण बॅगवर छापलेला आकडा आणि प्रत्यक्षात मिळणारी ऊब या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

शिकाऱ्यांचा आणि स्लीपिंग बॅगचा काय संबंध?

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. अमेरिकेत मात्र परवाना, ठरलेला हंगाम आणि कोटा या चौकटीत ती कायदेशीर आहे. अलास्कात डॉल जातीच्या जंगली मेंढ्यांचा हंगाम बहुतेक भागांत १० ऑगस्टला सुरू होतो. रॉकी पर्वतात एल्क हरणामागे जाणारे शिकारी सप्टेंबरमध्ये डोंगरात शिरतात. छोटे विमान किंवा गाडी सोडते तिथून पुढे सारा संसार पाठीवर. हवामान बिघडले तर परतीचे विमान काही दिवस येतही नाही. शिकार झाली, तर खाण्याजोगे मांस खाली आणण्याचे बंधन अलास्काचा कायदा घालतो. त्यामुळे जाताना प्रत्येक शंभर ग्रॅमचा हिशेब होतो. तरीही अनेक जण स्लीपिंग बॅगच्या बाबतीत अर्धा किलो जास्त उचलायला तयार असतात. याचे कारण ओल. सलग पाऊस, धुके, तंबूच्या आतून ठिबकणारे दव आणि अंगावरचे ओले कपडे यांतून बॅग कोरडी ठेवणे आठवडाभर जमेलच असे नाही.

ऊब येते कुठून?

स्लीपिंग बॅग स्वतः उष्णता तयार करत नाही. ती शरीराची उष्णता धरून ठेवते आणि हे काम भरावात अडकलेली स्थिर हवा करते. आजीच्या गोधडीचे तत्त्वही हेच. डाऊन म्हणजे बदक किंवा हंसाच्या पिसांखालचा मऊ थर. तो फुलतो भरपूर, दाबल्यावर मुठीएवढा होतो आणि वजनाच्या मानाने ऊब सर्वाधिक देतो. पण ओल लागली की त्याच्या गुठळ्या होतात. फुगवटा गेला की हवा गेली, आणि हवेच्या जागी आलेले पाणी तिच्यापेक्षा साधारण २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. दमट झालेल्या कापसाच्या रजईचे जे होते तेच इथे होते; फरक इतकाच की डोंगरात पिंजारी भेटत नाही.

सिंथेटिक भराव पॉलिएस्टरच्या तंतूंचा असतो. पॉलिएस्टर स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी शोषत नाही. त्यामुळे भिजल्यावरही तंतूंचा ताठपणा आणि बराचसा फुगवटा टिकतो, आणि बॅग लवकर वाळते. ओल्या डाऊनची अमेरिकी लष्करालाही अडचण होतीच. प्रायमालॉफ्ट हा भराव १९८० च्या दशकात त्याच गरजेतून विकसित झाला. क्लायमाशिल्डसारख्या भरावात तंतू अखंड असल्याने शिवणीही कमी लागतात. शिवण कमी म्हणजे थंडी शिरायच्या जागा कमी.

मग सिंथेटिकचा तोटा काय?

वजन, आकारमान आणि आयुष्य. उणे सात अंशांच्या मर्यादेची चांगली डाऊन बॅग साधारण एक किलोत बसते. तेवढ्याच उबेची सिंथेटिक बॅग दीड किलोच्या आसपास जाते आणि सॅकमध्ये जास्त जागा खाते. शिवाय वारंवार दाबून भरल्याने तंतू मोडतात आणि काही हंगामांनी ऊब कमी होते. म्हणूनच घरी आल्यावर बॅग कधीही कोंबून ठेवू नये. मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवावी. ‘सिंथेटिक भिजली तरी चालते’ हा समजही अर्धवट आहे. भिजलेली सिंथेटिक बॅग कोरड्या बॅगेइतकी उबदार नसते. ती फक्त रात्र निभावून नेते.

लेबलवरचा आकडा काय सांगतो?

सर्वात मोठी फसगत इथे होते. आयएसओ २३५३७ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तापवलेल्या पुतळ्याला बॅगेत ठेवून चाचणी होते आणि तीन मुख्य आकडे दिले जातात. ‘कम्फर्ट’ म्हणजे सरासरी स्त्री ज्या तापमानात निवांत झोपू शकेल ते. ‘लिमिट’ म्हणजे सरासरी पुरुष अंग आखडून रात्र काढू शकेल ते. ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे जीव कसाबसा वाचेल, पण हायपोथर्मियाचा गंभीर धोका राहील ते. या तिन्हींत अंतर मोठे असते. कम्फर्ट शून्य अंश असलेल्या बॅगेचा एक्स्ट्रीम आकडा उणे २० च्याही खाली जाऊ शकतो. विक्रेत्याने तेवढाच ठळक छापला, तर गिऱ्हाईक ‘उणे वीसची बॅग’ म्हणून शून्याची बॅग घरी नेतो.

दुसरा घोटाळा एककाचा. अमेरिकी कंपन्यांची ‘शून्याची बॅग’ फॅरनहाइटमध्ये असते. म्हणजे सुमारे उणे १८ अंश सेल्सिअस. ‘वीसची बॅग’ म्हणजे सुमारे उणे सात.

बॅग चांगली असूनही थंडी का वाजते?

कारण अंगाखालचा भराव वजनाने चेपला जातो आणि तिथली हवा निघून जाते. जमिनीकडून येणारी थंडी स्लीपिंग मॅट अडवते. मॅटची क्षमता ‘आर-व्हॅल्यू’मध्ये मोजतात आणि दोन मॅट एकावर एक घातल्या की त्यांच्या आर-व्हॅल्यूंची बेरीज होते. बर्फावर झोपायचे असेल तर पातळ फोमच्या एका मॅटवर भिस्त ठेवणे धोक्याचे. बॅग अंगापेक्षा फार मोठी असेल, तर रिकामी जागा तापवण्यातही उष्णता वाया जाते.

इथल्या ट्रेकर्सनी काय निवडावे?

पावसाळ्यात सह्याद्रीतल्या गडावर किंवा लेण्यात मुक्काम असेल, तर हलकी सिंथेटिक बॅग पुरेशी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सुमारे ४,२७० मीटर उंचीच्या हम्पता खिंडीसारख्या ट्रेकवर जाताना सिंथेटिकच शहाणपणाची. हिवाळ्यात केदारकंठासारख्या ट्रेकवर हवा कोरडी आणि थंडी कडक असते. तिथे किंवा लडाखमध्ये डाऊनचे वजन वसूल होते. उंची दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी खाली नेते, हा हिशेब गावातले तापमान पाहून करता येतो. अपेक्षित किमान तापमानापेक्षा पाच अंश खालच्या कम्फर्ट आकड्याची बॅग घ्यावी. दीर्घ मोहिमेसाठी डाऊन बॅगेवर पातळ सिंथेटिक रजई हा मध्यम मार्ग आहे. अंगातून निघणारी वाफ मग बाहेरच्या थरात जमते आणि आतले डाऊन कोरडे राहते.

जबाबदारी कोणाची?

‘स्वस्तात मिळते म्हणून घेतली’ हे उत्तर शहरात चालते. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो आणि त्यात पहिला घाला विचारशक्तीवर पडतो. आपण संकटात आहोत हे त्या माणसाला उमगतही नाही. म्हणून विक्रेत्यांनी कम्फर्ट आकडा सर्वात मोठ्या अक्षरात छापायला हवा आणि एक्स्ट्रीम आकड्यावर माल विकणे थांबवायला हवे. ट्रेक आयोजकांचीही यातून सुटका नाही. भाड्याने दिलेली बॅग किती हंगाम वापरलेली आहे, तिचा भराव कशाचा आणि कम्फर्ट आकडा किती, हे पैसे घेण्याआधी सांगितले पाहिजे. शेकडो वेळा कोंबलेल्या सिंथेटिक बॅगेवरचा मूळ आकडा केवळ कागदावर उरतो.

ग्राहकाच्या हातात तूर्त एक साधा उपाय आहे. बॅग उघडून तासभर पसरू द्यावी, उजेडासमोर धरावी. भराव विरळ दिसला, गुठळ्या जाणवल्या किंवा कम्फर्ट आकडा सापडलाच नाही, तर ती परत करावी. अर्धा किलो जास्त वजन पाठीला सोसते. मध्यरात्री ओली आणि थंड पडलेली बॅग बदलून मिळत नाही.