सायलेन्सरपेक्षा स्प्रॉकेट बरं!

आपल्या हॉस्टेलवर दोन विषय असे आहेत की ज्यांवर कोणाचंही मत मागावं लागत नाही, ते आपोआप मिळतं. एक मेसची डाळ आणि दुसरा गाडीचा पिकअप. मेकॅनिकलवाल्यांचं सोडा, आयटीची पोरंसुद्धा रात्री दीडला चहा पिता पिता ‘फ्री-फ्लो टाक, बघ कशी पळते’ असा फंडा देऊन जातात. परवा ऑटो क्लबच्या मीटिंगमध्ये हाच फंडा ठराव म्हणून आला, आणि म्हणूनच मी हे लिहायला बसलो आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वर्कशॉपच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये, क्लबची एक क्वाड बाइक उभी आहे. चार चाकं, सायकलसारखं हँडल, चिनी बनावटीचं ११० सीसीचं इंजिन. अलिबागजवळच्या नागावच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवतात ना, त्याच जातीची. तिकडूनच ती सेकंडहँड घेतली. इंजिन होंडा कबच्या घराण्यातलं, म्हणजे नात्याने आपल्या स्प्लेंडरचं चुलत भावंडच. कंपनीच्या कागदावर ताकद सुमारे ७ हॉर्सपॉवर. क्लबच्या तिजोरीत (म्हणजे ट्रेझररच्या कपाटातल्या बिस्किटाच्या डब्यात) शिल्लक साडेनऊ हजार. आणि ठराव असा की त्यातून फ्री-फ्लो सायलेन्सर, कोन फिल्टर आणि ‘अनलिमिटेड’ सीडीआय आणायचा. दुकानदाराने तिन्ही मिळून नऊ हजार सांगितलेत. उरलेल्या पाचशेत बहुधा वडापाव.

माझा याला विरोध आहे. पॉवर नको म्हणून नाही, पॉवर हवीच! पण नऊ हजारांत ती अशी मिळत नाही.

आधी मोजून बघू या. डायनो आपल्याकडे नाही, पण फिजिक्स आहे. मागच्या गेटकडच्या चढाची उंची आम्ही पाण्याच्या नळीने मोजली. साडेचार मीटर भरली. गाडी १०५ किलो, वर बसलेला सेकंड इयरचा भिडू ६५, एकूण १७० किलो. फुल थ्रॉटलवर, वेग फारसा न बदलता, चढ संपायला लागले चार सेकंद. १७० गुणिले ९.८ गुणिले ४.५ भागिले ४, म्हणजे साधारण १८७० वॅट. अडीच हॉर्सपॉवर! कागदावर सात आणि चढावर अडीच. मधले साडेचार गेले कुठे?

माझ्या मते सगळा खेळ या साडेचारांत आहे. काही टायरांनी खाल्ले. काही चेनने. मागचा एक्सल सरळसोट, डिफरन्शियल नाहीच, त्यामुळे वळणावर एक चाक घसटतच जातं. ब्रेक तर चाक उचलून हाताने फिरवलं तरी लागलेला कळतो, घासल्याचा आवाज येतो. पण सगळ्यात मोठा वाटा वेगळाच आहे. इंजिन सात हॉर्सपॉवर देतं ते वरच्या आरपीएमला. आणि ही गाडी सिंगल स्पीड, गिअर बदलायची सोय नाही. चढावर इंजिन त्या आरपीएमपर्यंत पोहोचतच नाही, खालीच घुटमळतं. म्हणजे सात घोडे तबेल्यात आहेत, पण त्यातले निम्मे कधी बाहेर येतच नाहीत. यावर नऊ हजारांचा सायलेन्सर काय करणार?

पुढचं स्प्रॉकेट १४ दातांचं आहे. ते १३ चं केलं तर चाकावरची ओढ साडेसात टक्क्यांनी वाढते, आणि त्याच वेगाला इंजिनही तेवढंच जास्त फिरतं, म्हणजे पॉवर जिथे आहे तिकडे सरकतं. टॉप स्पीड तेवढाच कमी होणार, हे मान्य. पण आपल्या कॅम्पसमध्ये टॉप स्पीड लावायचा कुठे? कँटीनच्या भिंतीत? कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या पार्टच्या दुकानांत तास-दोन तास उन्हात उभं राहायची तयारी असेल तर स्प्रॉकेटवर पाचशेची नोटसुद्धा मोडत नाही. आणि नाहीच मिळालं तर साकीनाक्याच्या गल्ल्यांत एकापेक्षा एक टर्नर बसलेत. त्यांना नमुना दाखवावा, ड्रॉइंग दाखवू नये! ड्रॉइंग बघितलं की ते हसतात.

सायलेन्सरवाल्यांची बाजूही मांडतो, नाहीतर म्हणतील एकतर्फी लिहिलं. त्यांचा आवडता दाखला म्हणजे राजदूत ३५०. यामाहाची ही गाडी एस्कॉर्ट्सने १९८३ पासून आपल्याकडे बनवली. तिचे दोन अवतार होते, हाय टॉर्क आणि लो टॉर्क. पहिल्याची ताकद सुमारे साडेतीस हॉर्सपॉवर, दुसऱ्याची सुमारे सत्तावीस. फरक मुख्यतः एक्झॉस्ट आवळण्याचा, मायलेजसाठी. आणि याच ३५० च्या घराण्यातलं, पाण्याने थंड होणारं इंजिन यामाहाने बॅन्शी नावाच्या क्वाडला बसवलं. स्पोर्ट क्वाडच्या शौकिनांत ती गाडी देवासारखी मानतात. म्हणजे एक्झॉस्टने पॉवर बदलते, हे शंभर टक्के खरं.

पण ती टू-स्ट्रोक होती राव! टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्टचा फुगीर पाइप दाबाची लाट परत फिरवतो आणि बाहेर निसटणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलतो. तो पाइप म्हणजे इंजिनाचाच एक भाग. आपलं ११० फोर-स्ट्रोक आहे, आणि दुकानात मिळणारा ‘फ्री-फ्लो’ म्हणजे बहुतेक वेळा आतून पोकळ डबा. वर हवा जास्त गेली आणि जेट तेच ठेवलं तर मिश्रण लीन होणार. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, आणि जास्तीत जास्त पॉवर मिळते त्याहून थोड्या रिच मिश्रणावर, साडेबारा-तेराच्या आसपास. आपण नऊ हजार देऊन नेमके उलट्या दिशेला जाणार, आणि इंजिन तापणार ते वेगळंच. आवाज वाढतो म्हणून कानाला वाटतं गाडी पळतेय. स्टॉपवॉचला कान नसतात.

कोन फिल्टरबद्दल तर बोलायलाच नको. ही गाडी वाळूतून आलेली. कार्ब्युरेटर उघडला तेव्हा बाऊलच्या तळाशी बारीक रेती सापडली. स्वस्तातल्या उघड्या फिल्टरमधून ती रेती थेट पिस्टन रिंगपर्यंत जाईल. आणि अनलिमिटेड सीडीआय म्हणजे रेव्ह लिमिटर काढून टाकणं. लिमिटर काढला म्हणून व्हॉल्व्ह स्प्रिंगची ताकद वाढत नाही. स्प्रिंगला झेपेल त्यापलीकडे फिरवलं की व्हॉल्व्ह बसायलाच उशीर करतो, आणि मग डोक्याला शॉट.

‘मग बोअर किट टाकू’ अशी एक उपसूचनाही आली होती. ११० चे १२५ सीसी केले तर क्षमता वाढते साडेतेरा टक्के, म्हणजे सगळं जुळून आलं तर सातचे आठ. मे महिन्यात मुंबईची हवाच त्यातले निम्मे परत घेते. १५ अंशांची हवा ३५ अंशांवर गेली की तिची घनता सहा-साडेसहा टक्क्यांनी उतरते, आणि इंजिन श्वास घेतं ते हवेच्या वजनावर.

बाजा एसएईइंडिया ही स्पर्धा २००७ साली इंदूरजवळ पीथमपूरला सुरू झाली. आपल्या उपनगरांतूनच विद्याविहारच्या सोमय्याची रेडशिफ्ट आणि पार्ल्याच्या संघवीची क्रोनोस या टीम तिथे उतरलेल्या आहेत. कित्येक वर्षं तिथे सगळ्यांना एकच इंजिन होतं, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं ३०५ सीसी, १० हॉर्सपॉवर. आणि त्याच्या आत हात घालायला सक्त मनाई! तरीही एक गाडी चार तासांची एंड्युरन्स मारून येते आणि दुसरी पहिल्या चढावर गपगार होते. इंजिन तेच, मग फरक आला कुठून? वजनातून आणि ट्रान्समिशनमधून. तिथली पोरं नटबोल्टाचं ग्रॅमग्रॅम मोजतात. आपल्या क्वाडला पुढे-मागे मिळून अकरा किलोंचं लोखंडी कॅरिअर आहे, ते कशासाठी? कोणी भाजी आणणार आहे का? ते आजच्या आज फुकटात काढता येतं, आणि १७० तून अकरा गेले म्हणजे पिकअप सहा-सात टक्क्यांनी सुधारला.

टायरची हवाही फुकट. एटीव्हीच्या टायरमध्ये फक्त चार-पाच पीएसआय असते, आणि आपल्या लोकांनी स्कूटरसारखी पंचवीस भरलेली! टायर नुसता उड्या मारतो, जमीन पकडतच नाही.

एक गोष्ट मात्र मी गंभीरपणे म्हणतो आहे. वेग वीस टक्क्यांनी वाढला तर गाडीतली ऊर्जा चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढते, आणि ती सगळी ब्रेकला गिळावी लागते. आपले ब्रेक ड्रमचे आणि झिजलेले. क्वाड दिसायला चार पायांवर ठाम, पण अरुंद आणि उंच असल्यामुळे तिरक्या उतारावर उलटते, आणि उलटली की चालवणाऱ्याच्या अंगावर येते. क्लबकडे हेल्मेट एकच आहे, त्याचाही पट्टा तुटलेला. साडेनऊ हजारांत पहिली खरेदी कोणती असावी हे यावरून ठरवा.

जाता जाता हॉस्टेलच्या पल्सरवाल्यांना एक सूचना. आपली क्वाड रस्त्यावर जात नाही, तुमची गाडी जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. अंधेरीच्या सिग्नलला पोलिसाला हॉर्सपॉवरचा फंडा देऊन बघा आणि मग काय झालं ते मला कळवा.

तेव्हा माझा उलट ठराव असा. ब्रेक शू, दोन चांगली हेल्मेट, चेनसेट, १३ चं स्प्रॉकेट, कॉम्प्रेशन गेज. टॅपेट, कार्ब्युरेटर आणि चाकांचं अलाइनमेंट आपण स्वतः करायचं. त्यानंतर तोच चढ, तोच भिडू, तेच घड्याळ. चार सेकंदांचे साडेतीन झाले तर अडीच हॉर्सपॉवरचे जवळपास तीन झाले, आणि तरी काही पैसे डब्यात उरतील. एवढं करून सायलेन्सर हवाच असेल तर पुढच्या वर्षी मीही हात वर करीन.

वर्कशॉपच्या सरांना एकच विनंती. सबमिशनचे दिवस संपेपर्यंत तरी शेड सातपर्यंत उघडं ठेवा. पाचला कुलूप लागतं आणि आमची प्रॅक्टिकल सुटतात सव्वापाचला. मीटिंग शुक्रवारी, जेवणानंतर, मेसच्या वरच्या खोलीत. ज्याच्याकडे फीलर गेज असेल त्याने घेऊन यावं, क्लबचं गेलं सेमिस्टरभर सापडत नाहीये.