हवा मध्यम आहे, पण कुणाची?

हिवाळा आला की मुंबईच्या हवेची बातमी येते. टीव्हीवर धुरकट आकाश, मोबाईलवर हवेचा निर्देशांक, आणि खाली सल्ला : सकाळी फिरायला जाणे टाळा, खिडक्या बंद ठेवा. त्याच सकाळी सहा वाजता झाडू घेऊन जी माणसे रस्त्यावर उतरतात, त्यांना घरी बसा असे कुणी सांगत नाही. त्यांनी उडवलेली धूळ आधी त्यांच्याच छातीत जाते आणि मग रस्ता स्वच्छ होतो.

आमच्यातल्या एका कार्यकर्त्याने एकदा गल्ली झाडणाऱ्या मावशींना मोबाईल दाखवला. "मावशी, आज हवा मध्यम आहे म्हणे." झाडू न थांबवता त्या म्हणाल्या, "कुणाची रे बाबा?"

एवढा नेमका प्रश्न आम्ही प्रदूषणावरच्या कुठल्याही चर्चासत्रात ऐकला नाही. हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

निर्देशांक येतो कुठून? शहरात ठरावीक ठिकाणी हवा मोजणारी केंद्रे असतात. ती जमिनीपासून काही मीटर उंचीवर, मोकळ्या जागी, भिंती-झाडांपासून अंतर राखून बसवलेली असतात. कारण त्यांचे काम परिसरातल्या सर्वसाधारण हवेचे माप घेण्याचे आहे. त्यात चूक काही नाही. चूक पुढे होते. त्या यंत्राचा आकडा माणसाच्या श्वासाचा आकडा म्हणून खपवला जातो. पण यंत्र एका जागी उभे असते आणि माणूस दिवसभर फिरतो. पहाटे चूल किंवा स्टोव्ह, मग लोकल, मग कामाची जागा, संध्याकाळी नाल्याकाठची खोली, रात्री कुठेतरी जळणाऱ्या कचऱ्याचा धूर. त्याच्या शरीरात किती विष गेले हे ठरते तीन गोष्टींवर : जिथे तो होता तिथली हवा कशी होती, तिथे तो किती वेळ होता आणि किती जोराने श्वास घेत होता.

ही तिसरी गोष्ट मुद्दाम समजून घ्या. शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. जड काम करणारा ३० ते ४० लिटर किंवा त्याहून जास्त घेतो. म्हणजे एकाच रस्त्यावर, एकाच आकड्याच्या हवेत, गाडीत बसलेल्या साहेबापेक्षा गाडी ओढणाऱ्या हमालाच्या फुप्फुसात कितीतरी पट धूळ जाते. "हवा सगळ्यांना सारखीच" असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावे की हवा सारखी असली तरी श्वास सारखा नाही. आणि मुळात हवाही सारखी नाही.

माणसाच्या नाकाशी मोजणे अशक्य आहे असेही नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ नावाच्या संशोधकाने गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढे बसणाऱ्या बायांच्या अंगावर हवा ओढणारी छोटी उपकरणे लावली. तोवर प्रदूषण म्हणजे शहर, चिमणी आणि मोटार असे समीकरण होते. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या नाकाजवळची हवा मोजली तेव्हा कळले की तिच्या वाट्याचा धूर मोठ्या शहरांतल्या रस्त्यांपेक्षाही जास्त आहे. तो धूर नवा नव्हता. तिथे यंत्र नेण्याची गरजच तोवर कुणाला वाटली नव्हती.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. कोण कुठे उभा राहणार, किती वेळ उभा राहणार आणि किती जड काम करणार हे या देशात कोण ठरवते? जात ठरवते. मग श्वासही जातच ठरवते.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास आठवा. विणकामाच्या खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यात नवी कांडी घालताना धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला, आणि कामगार एकतेची भाषणे देणारे पुढारी अडचणीत आले. पगार कमी मिळाला हे आपण नेहमी सांगतो. त्यापुढचे सांगत नाही. गिरणीत प्रत्येक खात्याची धूळ वेगळी असते आणि कापूस फोडण्या-पिंजण्याच्या खात्यांत तंतूंची धूळ सर्वांत जास्त असते. खाते जात ठरवत होती आणि छातीत किती धूळ जाणार हे खाते ठरवत होते.

गावात महारवाडा, मांगवाडा पूर्वेला का, असे विचारले तर जुनी माणसे सांगतात की पश्चिमेचा वारा गावावरून वस्तीकडे जावा, वस्तीवरून गावाकडे येऊ नये म्हणून. ज्यांनी वाऱ्याचीही दिशा बघून माणसे वसवली, त्यांचे वारस आज हवेला जात नसते असे आपल्याला शिकवतात!

आणि मुंबई? देवनारचे डम्पिंग ग्राऊंड १९२७ सालापासूनचे. त्याच वर्षी २० मार्चला महाडला बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्यायले. आपण पाण्याला हात लावला म्हणून सवर्णांनी तळ्यात शेण-गोमूत्राचे घडे ओतून ते 'शुद्ध' केले. त्यांच्याकडेही प्रदूषणाचे एक माप होते : हात कुणाचा लागला? पाण्यात काय मिसळले आणि ते कुणाच्या पोटात गेले, हा प्रश्न त्या मापात बसतच नव्हता. ज्यांना विटाळ म्हटले त्यांच्याच वस्तीशेजारी शहराचा खरा विटाळ येऊन पडला. देवनार-गोवंडीचा एम पूर्व प्रभाग २००९च्या मुंबई मानव विकास अहवालात २४ प्रभागांत तळाला होता. तिथे दलित, मुस्लिम आणि स्थलांतरित कष्टकरी राहतात. जानेवारी २०१६मध्ये डम्पिंगला मोठी आग लागली, धूर शहरभर पसरला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या, आणि तेव्हा कुठे मुंबईला देवनार आठवले. त्याआधी आणि त्यानंतर रोज थोडाथोडा धूर खाणाऱ्यांची बातमी झाली नाही.

निर्देशांकाची आणखी एक गोम आहे. आपल्या राष्ट्रीय निर्देशांकात आठ घटक धरले जातात : दोन आकारांचे धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. २००९च्या राष्ट्रीय मानकांत बेंझीन आहे, पण या आठांत ते नाही. गटारातला हायड्रोजन सल्फाइडही नाही. म्हणजे तेलशुद्धीकरण कारखान्याच्या भिंतीला टेकून राहणाऱ्याचा आणि मॅनहोलमध्ये उतरणाऱ्याचा खरा शत्रू त्या रंगीत पट्टीत दिसतच नाही.

मॅनहोलचे बघा. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की तो वायू वास घेण्याची शक्तीच मारतो. वास येत नाही म्हणून माणूस उतरतो आणि वर येत नाही. झाकण उघडल्यावर दोरीने खाली सोडता येईल असे वायू मोजणारे छोटे यंत्र बाजारात मिळते. २०१३चा कायदा आहे. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली, २०२३मध्ये ती ३० लाख केली. माणूस मेल्यावर त्याची किंमत मोजायची व्यवस्था झाली. तो उतरण्याआधी हवा मोजायची व्यवस्था मात्र कंत्राटदाराच्या मर्जीवर राहिली.

यावर आपल्याच कार्यकर्त्यांकडून दोन आक्षेप येतात. दोन्ही प्रामाणिक आहेत, म्हणून त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप : आम्हाला विष कळायला यंत्र कशाला? नाक आहे, खोकला आहे. संशोधक येतात, फॉर्म भरून घेतात, रक्त नेतात, पेपर छापतात, वस्ती तिथेच राहते. हे खरे आहे, आम्हीही अनुभवले आहे. पण माहुलचे उदाहरण घ्या. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडून हजारो कुटुंबांना माहुलच्या इमारतींत टाकले गेले. बाजूला तेल आणि रसायनांचे कारखाने. लोक आजारी पडू लागले, ओरडले, कुणी ऐकले नाही. पण त्या परिसरात केईएम रुग्णालयाची आरोग्य पाहणी आधीच झाली होती. तिथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५मध्येच नोंदवले होते. लोक रस्त्यावर बसून राहिले आणि हे कागद कोर्टात त्यांच्या बाजूने उभे राहिले. २०१९मध्ये उच्च न्यायालयाने माहुलला जायला नकार देणाऱ्यांना पर्यायी घर किंवा महिना १५,००० रुपये भाडे देण्यास सांगितले. नुसत्या कागदाने हे झाले नसते, आणि नुसत्या घोषणेनेही झाले नसते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. माणसागणिक मोजले की दोषही माणसावरच येतो. मग सांगतील : तुमची अगरबत्ती बंद करा, चूल बदला, मास्क लावा. कंपनी सुटेल, पालिका सुटेल. किंवा कामगाराच्या रक्तात शिसे सापडले की त्याच्यावर उपचार करण्याऐवजी त्यालाच 'अनफिट' म्हणून काढतील. हा धोका खरा आहे. पण त्यावर उपाय मोजणे टाळणे हा नाही. मोजमाप कुणाच्या हातात, हे आपण ठरवणे हा उपाय आहे.

बाबासाहेबांनी हेच शिकवले. १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी सायमन कमिशनला मुंबई इलाख्यातल्या शिक्षणाविषयी निवेदन दिले. इलाख्याची सरासरी बघून ते थांबले नाहीत. आकडे समाजवार फोडून त्यांनी दाखवले की शिक्षणाची प्रगती कुणाच्या दारापर्यंत आली आणि कुणाच्या दारावरून पुढे गेली. सरासरी ही वरच्यांची ढाल असते. शहराच्या हवेची सरासरीही तशीच ढाल आहे. जातनिहाय जनगणनेसाठी आपण भांडतो ते याच कारणाने. मग हवेच्या आकड्याला जातीचा, कामाचा आणि वस्तीचा रकाना का नको?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. सफाई कामगार, कचरावेचक, नाका कामगार, डम्पिंगशेजारची मुले यांच्या रोजच्या श्वासाचे मोजमाप सरकारी खर्चाने व्हावे. कायम असो वा कंत्राटी, कामगाराच्या कॉलरला लावलेल्या नळीतून पूर्ण पाळीभर मोजमाप व्हावे. निकाल आधी त्याला, त्याच्या भाषेत मिळावा आणि त्याच्या संमतीशिवाय मालकाच्या हाती जाऊ नये. कुणाच्याही रक्ताच्या अहवालावरून त्याची नोकरी जाऊ नये. आकडे जात, लिंग, काम आणि वस्तीनुसार फोडून जाहीर व्हावेत. आणि मोजणी पूर्ण होईपर्यंत थांबा, हे उत्तर आम्ही मान्य करणार नाही. जे आज उघड दिसते त्यावर आजच कारवाई हवी.

तरुण मित्रांनो, सरकारची वाट बघत बसू नका. इंजिनियरिंग, केमिस्ट्री, नर्सिंग शिकणारी आपली मुले-मुली आज प्रत्येक वस्तीत आहेत. धूलिकण मोजणारे स्वस्त सेन्सर मिळतात. पण नीट वापरा. पावसाळ्यातल्या दमट हवेत ते आकडा फुगवून दाखवतात, म्हणून आधी काही दिवस सरकारी केंद्राशेजारी ठेवून दोन्ही आकडे ताडून बघा. सोबत वही ठेवा : किती वाजता, कुठे, कोणते काम, चूल पेटली होती का, कचरा जळत होता का, कुणाला धाप लागली. वहीशिवाय आकडा मुका असतो. एक खोटा आकडा सापडला तर शंभर खरे आकडे फेकून देतील, हे लक्षात ठेवा. वस्तीतल्या बायांना नुसते नमुने देणाऱ्या करू नका. काय मोजायचे हे ठरवणाऱ्या त्याच असू द्या.

मावशींच्या प्रश्नाचे उत्तर अजून कुणी दिलेले नाही. ते आपल्यालाच मोजून द्यायचे आहे.

जय भीम! जय संविधान!