झाकली मूठ आणि जुना मोबाईल

जुनी वस्तू विकत घेण्यात आपल्याकडे कधी कमीपणा मानला गेलेला नाही. वरच्या वर्गातील मुलाची क्रमिक पुस्तके निम्म्या किमतीत घ्यावीत, बदली झालेल्या सहकाऱ्याचे कपाट किंवा सायकल आपल्या घरी आणावी, ही ठरावीक वेतनात संसार करणाऱ्या माणसाची शहाणी रीत होती आणि आहे. या व्यवहारांत एक गोष्ट मात्र न बोलता गृहीत धरलेली असे. विकणारा ओळखीचा असे. वस्तूत काही खोट निघालीच, तर त्याला उद्या याच कार्यालयात, याच आळीत तोंड दाखवायचे आहे, ही जाणीव हीच त्या व्यवहाराची खरी हमी होती. जुन्या मोबाईलच्या आजच्या बाजारात नेमकी तीच हमी नाहीशी झाली आहे. जाहिरात पाहून संपर्क साधायचा, बसस्थानकाबाहेर भेटायचे, पाच मिनिटे यंत्र हाताळायचे, पैसे द्यायचे आणि दोघांनी दोन दिशांना निघून जायचे, असे या खरेदीचे स्वरूप असते. ज्याच्याकडून वस्तू घेतली, त्याचे खरे नावही घेणाऱ्यास पुष्कळदा ठाऊक नसते.

हा प्रश्न क्षुल्लक म्हणून सोडून देण्याजोगा नाही. मोबाईल ही आता चैनीची वस्तू उरलेली नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेशप्रक्रियेची सूचना, बँकेचा संकेतांक, वेतन जमा झाल्याचा संदेश हे सारे त्याच्यावाटेच येते. खेड्यातून शिकावयास आलेला विद्यार्थी किंवा नुकताच नोकरीस लागलेला कनिष्ठ लिपिक नवे यंत्र घेऊ शकत नाही, म्हणूनच तो जुन्याकडे वळतो. त्याचे सहा-सात हजार रुपये बुडाले तर ते हौसेचे पैसे बुडत नाहीत. खानावळीचे, परीक्षा शुल्काचे किंवा घरी पाठवावयाचे पैसे बुडतात. ज्याला फसवणूक सर्वांत कमी परवडते, तोच या बाजारात सर्वाधिक उतरतो, ही यातील खरी विदारक गोष्ट आहे.

माहितीची विषमता

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जॉर्ज अकेरलॉफ हे नाव परिचित आहे. १९७० साली त्यांनी जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यापूर्वी तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. पुढे २००१ मध्ये मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत अकेरलॉफ यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याचा पाया याच विचारात होता. त्यांचे म्हणणे आपल्या भाषेत एका म्हणीत सांगता येईल: झाकली मूठ सव्वा लाखाची. वस्तूतील गुणदोष विकणाऱ्याला माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात. आणि मूठ जोवर झाकलेली आहे, तोवर खोट्यालाही खऱ्याचाच भाव मागता येतो.

एक साधे उदाहरण घेऊ. बाजारात दोन प्रकारचे जुने मोबाईल आहेत असे समजा. चांगल्याची योग्य किंमत १०,००० रुपये, वाईटाची ४,००० रुपये. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. शहाणा ग्राहक जोखीम जाणून सरासरी काढतो आणि ७,००० रुपयांहून अधिक द्यावयास तयार होत नाही. आता ज्याच्याजवळ चांगला मोबाईल आहे, त्याला दहा हजारांची वस्तू सात हजारांना देणे परवडत नाही. तो बाजारातून निघून जातो. वाईट मोबाईलवाल्याला मात्र तीन हजारांचा निव्वळ लाभ दिसतो; तो थांबतो आणि आपल्यासारख्या आणखी चौघांना घेऊन येतो. सरासरी आणखी घसरते. खोटे नाणे खऱ्याला व्यवहारातून हाकलून देते, तसाच काहीसा हा प्रकार आहे. म्हणूनच अकेरलॉफ यांनी बजावले होते, की अप्रामाणिकपणाची किंमत केवळ फसलेल्या ग्राहकाच्या तोट्याएवढी नसते. प्रामाणिक विक्रेता बाजारातून हद्दपार होतो, हा समाजाचा तोटाही तीत मिळवावा लागतो.

मोबाईलच्या बाबतीत ही झाकली मूठ अनेक पदरी आहे. आतील विद्युत्‌घटाची क्षमता वापरागणिक घटत जाते, हे बाहेरून दिसत नाही. पाण्यात पडून वाळवलेले यंत्र आठवडाभर व्यवस्थित चालते आणि मग अकस्मात मूक होते. पडदा मूळचा की बदललेला, हे सामान्य डोळ्यांस कळत नाही. मूळ मालकाचे खाते काढून टाकलेले नसेल, तर यंत्र पुसून पुन्हा सुरू करताच ते जुन्या मालकाचा परवलीचा शब्द मागते, आणि तो ठाऊक नसल्यास हातातील वस्तू केवळ काचेचा तुकडा ठरते. काही यंत्रे हप्त्यांवर घेतलेली असतात आणि हप्ते फेडलेले नसतात. हे सर्व दोष एकवेळ पैशांचे दोष म्हणता येतील. परंतु ते यंत्र मुळात विकणाऱ्याचेच नसेल तर?

कायद्याची बाजू

येथे कायद्याचे म्हणणे स्पष्ट आहे. १९३० च्या वस्तुविक्री अधिनियमाच्या कलम २७ मधील सर्वसाधारण तत्त्व असे, की विकणाऱ्याला वस्तूवर जेवढा हक्क आहे, त्याहून अधिक हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. चोराजवळ मालकी नसते, म्हणून त्याच्याकडून घेणाऱ्याकडेही ती येत नाही. मग त्याने पुरे पैसे मोजलेले असोत की नसोत. मूळ मालक सापडला, की वस्तू त्याची. घेणाऱ्याने आपले पैसे चोराकडून वसूल करावेत, असे कायदा म्हणतो. पण बसस्थानकावर भेटलेला तो माणूस शोधावयाचा कोठे?

याहून गंभीर बाब फौजदारी कायद्याची आहे. पूर्वी भारतीय दंडसंहितेच्या कलम ४११ मध्ये असलेली तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये आली आहे. चोरीचा माल आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानावयास कारण असताना, तो अप्रामाणिकपणे स्वीकारणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. निष्पाप ग्राहक या कलमाने गुन्हेगार ठरत नाही, हे खरे. परंतु ‘मानावयास कारण असताना’ हे शब्द विसरता येत नाहीत. वीस हजारांचे यंत्र पाच हजारांना, पावतीविना, खोक्याविना, अनोळखी माणसाकडून आणि घाईघाईने घेतले, तर आपल्याला शंकाच आली नाही हे पोलीस ठाण्यात पटवून देणे सोपे नाही. आणि शेवटी पटले, तरी चौकशीसाठी झालेल्या बोलावण्याने शेजारीपाजारी आणि कार्यालयात जी कुजबुज सुरू होते, तिची भरपाई कोणतेही न्यायालय देत नाही. शिक्षकाच्या किंवा लिपिकाच्या गाठीला अब्रूशिवाय दुसरे भांडवल ते काय असते?

प्रत्येक मोबाईलला पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक असतो. *#०६# ही अक्षरे दाबली की तो पडद्यावर उमटतो. चोरीस गेलेल्या यंत्रांचे हे क्रमांक अडवून ठेवणारी केंद्रीय नोंदवही २०१९ मध्ये प्रथम मुंबईत सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ या संकेतस्थळाद्वारे देशभर उपलब्ध झाली. मालकाने तक्रार नोंदवून क्रमांक अडवला, की ते यंत्र कोणत्याही कंपनीच्या जाळ्यावर चालू नये, आणि कोणी चालवू पाहिल्यास त्याचा माग पोलिसांना लागावा, अशी ही योजना आहे. हा माग अर्थातच चोराच्या नव्हे, तर आपले सिमकार्ड घातलेल्या त्या खरेदीदाराच्या दारापर्यंत येतो.

चोराला न परवडणारी गोष्ट

तर मग ग्राहकाने काय करावे? ‘सावध राहा’ हा उपदेश सोपा आणि निरुपयोगी आहे, कारण सावध म्हणजे कसे, हे तो सांगत नाही. स्पेन्स यांच्या विचारात याचे एक उत्तर सापडते. खरा विक्रेता आणि खोटा विक्रेता शब्दांनी वेगळे ओळखू येत नाहीत. खोटा तर अधिकच गोड बोलतो. जी कृती खऱ्याला सहज जमते आणि खोट्याला परवडत नाही, अशी कृती त्याच्याकडे मागावी.

मूळ पावती मागावी आणि तिच्यावरील क्रमांक पडद्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. विक्रेत्याने आपल्या घरी किंवा कामाच्या ठिकाणी भेटावे असा आग्रह धरावा. आपल्यासमोर त्याने आपले खाते काढून यंत्र पूर्णपणे पुसावे आणि ते नव्याने सुरू करून दाखवावे. साध्या कागदावर क्रमांक, किंमत आणि तारीख लिहून त्याने सही करावी, ओळखपत्राची प्रत द्यावी. पैसे रोख न देता त्याच्या बँक खात्यात जमा करावेत, म्हणजे नाव आपोआप नोंदले जाते. प्रामाणिक माणसाला यातील एकही गोष्ट जड जाणार नाही. जो यातील प्रत्येक गोष्टीस नवी सबब सांगतो, त्याने आपले उत्तर दिलेच आहे असे समजावे. आणि वस्तू हाती येण्यापूर्वीच आगाऊ रक्कम मागणारा, बदली झाल्याची वा आजारपणाची करुण कहाणी सांगणारा विक्रेता भेटला, तर तेथे मोबाईल मुळातच नसण्याचा संभव अधिक.

याशिवाय ‘केवायएम’ ही इंग्रजी अक्षरे आणि त्यापुढे तो पंधरा अंकी क्रमांक लिहून १४४२२ वर संदेश पाठविला, की त्या क्रमांकाची स्थिती कळते. तो काळ्या यादीत किंवा दुबार असल्याचे उत्तर आले, तर व्यवहार तेथेच थांबवावा. दुकानदाराकडून हमीसह घेतलेला जुना मोबाईल काहीसा महाग पडतो, त्याचेही वाईट वाटून घेऊ नये. त्या अधिक रकमेत आपण माहिती आणि जबाबदार माणूस विकत घेत असतो.

दाखल्याची गरज

परंतु सगळा भार एकट्या ग्राहकाच्या शहाणपणावर टाकणे न्याय्य नाही. आपल्याकडील गुरांच्या बाजाराचा विचार करावा. बैलाचे वय दातांवरून ओळखले जाते. दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला, ही त्या बाजाराची परीक्षापद्धती आहे. पण शेतकरी तेवढ्यावर थांबत नाही. बाजार समितीकडे विकणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव नोंदवून तो पावती घेतो, कारण वाटेत कोणी ‘हा बैल कोणाचा?’ असे विचारले, तर उत्तर कागदाने द्यावे लागते. जुन्या दुचाकीचेही तसेच. परिवहन कार्यालयात २९ आणि ३० क्रमांकांचे नमुने भरल्याखेरीज तिची मालकी बदलत नाही. मग तीस हजारांच्या दुचाकीला जी शिस्त आहे, ती तीस हजारांच्या मोबाईलला का नसावी?

शासनाने काही पावले टाकली आहेत. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने ओळख क्रमांकात फेरफार करणे हा तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंडास पात्र असा गुन्हा ठरवला आहे. परंतु सध्याच्या नोंदवहीची एक मर्यादा ध्यानात घ्यावयास हवी. ती तक्रारींची यादी आहे, मालकीची नव्हे. काल रात्री लोकलच्या गर्दीत मारलेला मोबाईल आज सकाळी त्या यादीत नसतो, आणि चोराला विकण्याची घाई असते ती नेमकी त्याच वेळी. शिवाय तक्रार करण्याचा खटाटोप नको म्हणून गप्प बसणारेही थोडे नसतात. ‘क्रमांक अडवलेला नाही’ आणि ‘वस्तू विकणाऱ्याची आहे’ ही दोन विधाने एक नव्हेत.

म्हणून याच नोंदवहीत ऐच्छिक आणि विनाशुल्क हस्तांतर-नोंदीची सोय करावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. जुना मालक आपल्या क्रमांकावर आलेल्या संकेतांकाने विक्रीस मान्यता देईल, नवा मालक आपल्या क्रमांकाने ती स्वीकारील, आणि दोघांजवळ त्याचा दाखला राहील. मालकाचे नाव कोणालाही दिसण्याची गरज नाही. ‘हा विक्रेता नोंदीतील मालक आहे’ एवढे होय किंवा नाही या एका शब्दात कळले, तरी पुरे. खासगी माहिती जमा होण्याची भीती रास्त आहे, पण सिमकार्ड घेताना ओळखपत्र आपण आधीच दिलेले असते. जुने मोबाईल घेणाऱ्या दुकानदारांना मात्र विकणाऱ्याची ओळख नोंदविणे सक्तीचे असावे आणि त्या वह्यांची तपासणी खरोखरच व्हावी.

असा दाखला आला, तर त्याचा सर्वांत मोठा लाभ प्रामाणिक विक्रेत्याला होईल. आपली वस्तू खरी आहे हे सिद्ध करण्याचे साधन त्याला मिळेल, त्याला योग्य भाव येईल आणि तो बाजारात टिकेल. तो टिकला, तरच गरजू विद्यार्थ्याला बेताच्या किमतीत चांगली वस्तू मिळेल. तोपर्यंत पावतीवाचून समोर आलेल्या स्वस्त मोबाईलपुढे ‘हा इतका स्वस्त का?’ हा एक प्रश्न प्रत्येकाने विचारावा, आणि समाधानकारक उत्तर मिळाल्याखेरीज खिशात हात घालू नये.