दलाल गेला, मालक राहिला

परदेशातील कारखान्याकडून कार्बनची फ्रेम परस्पर मागवावयाची, चाके, गिअर, ब्रेक निरनिराळ्या ठिकाणांहून गोळा करावयाचे आणि आपल्या मापाची सायकल घरच्या घरी जोडून घ्यावयाची, ही रीत मोठ्या शहरांतील सायकलस्वारांत आता चांगलीच रुळली आहे. मोबाइल आणि कुरिअर यांच्यामुळे ती बुलढाणा, खामगाव, मलकापूर येथील तरुणालाही साध्य झाली आहे. या रीतीविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती तिच्याभोवती उभारल्या जाणाऱ्या तत्त्वज्ञानाविषयी. ‘बड्या कंपन्यांच्या मक्तेदारीला हा शह आहे, मधला दलाल हटला, बनविणारा आणि वापरणारा समोरासमोर आले, हीच खरी आर्थिक लोकशाही’ अशी भाषा पुरोगामी म्हणविणाऱ्या तरुणांच्या तोंडीही ऐकू येते. या भ्रमाचा समाचार वेळीच घेतला पाहिजे, कारण तो केवळ सायकलपुरता राहणारा नाही.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. लाखाच्या घरात जाणारी सायकल म्हणजे पैसेवाल्यांची चैन, असे म्हणून नाक मुरडणारे कार्यकर्तेही आपल्यात आहेत. त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. मलकापूरहून मोताळामार्गे बुलढाण्यास येताना राजूर घाट ज्याने लोखंडी सायकल रेटत चढला आहे, त्याला हलक्या फ्रेमचे मोल कोणी सांगावयास नको. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली. विदर्भातील कष्टकऱ्याच्या मुलाने अशी ईर्ष्या बाळगू नये, असे कोणत्या समाजवादात लिहिले आहे? उत्तम साधन ही श्रीमंतांची मिरास आहे, हे मान्य करणे म्हणजेच विषमतेला शरण जाणे होय. तेव्हा चांगली सायकल हवी की नको, हा वादच नाही. ती कोण घडवितो, कोणत्या अटींवर घडवितो आणि तिच्या ज्ञानावर मालकी कोणाची, हा खरा वाद आहे.

आता दलालाच्या हिशेबाकडे वळू. नामांकित कंपनीची शर्यतीच्या दर्जाची फ्रेम चार-पाच हजार डॉलरना विकली जाते. चीनमधील विक्रेत्याकडून थेट मागविलेली फ्रेम आणि फोर्क मिळून चार-पाचशे डॉलरच्या आसपास पडते. या तफावतीत संशोधनाचा आणि चाचण्यांचा काही वाटा आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु मोठा भाग जाहिरातीचा, शर्यतीच्या संघांवरील उधळपट्टीचा, वितरकांच्या साखळीचा आणि केवळ नावाचा आहे. कित्येक नामांकित कंपन्यांचा स्वत:चा कारखानाच नसतो. त्या आराखडा देतात आणि चीन अथवा तैवानमधील कारखान्याकडून माल करवून घेतात. कोणा एका कंपनीच्या मालकीचे नसलेले साचेही या धंद्यात असतात. त्यांतून निघालेली फ्रेम कोणीही आपले नाव रंगवून विकू शकतो. थेट मागणी करणारा ग्राहक नावाचा हा खंड भरण्याचे नाकारतो. येथवर त्याचे बरोबर आहे.

परंतु या वाचलेल्या पैशातला एक तरी छदाम फ्रेम घडविणाऱ्या हातांपर्यंत पोहोचतो काय?

कार्बनची फ्रेम यंत्रातून आपोआप ओतली जाते, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. एका कृत्रिम धाग्याला प्रथम हवेत दोन-तीनशे अंशांवर तापवून, मग प्राणवायू नसलेल्या भट्टीत हजार अंशांहून अधिक उष्णता देऊन कार्बनचा तंतू तयार होतो. त्याचे इपॉक्सी राळेत भिजविलेले पत्रे शीतगृहात ठेवतात. पुढचे काम माणसाचे. पत्र्यांचे शेकडो तुकडे कापले जातात. कोणता तुकडा कोणत्या दिशेने, कोणत्या थरात बसवावयाचा हे ठरलेले असते आणि ते एकेक करून हातांनी बसविले जातात. मग पोलादी साच्यात उष्णता आणि दाब. साच्यातून निघालेली फ्रेम घासून गुळगुळीत केली जाते. या घासण्यात उडणारी धूळ छातीत जाते आणि कच्च्या राळेने कातडीला विकार जडतात. सायकलचे वजन ग्रॅमच्या हिशेबात मोजणाऱ्याने हेही कधी मोजावे.

शियामेन, शेन्झेन, डोंगग्वान येथील हे कामगार आपल्या तरुणाच्या समोरासमोर आलेले नाहीत. समोर आला आहे तो कारखानदाराचा विक्रेता. एक मागणी मिळविण्यासाठी तो दहा विक्रेत्यांशी स्पर्धा करतो आणि भाव पाडतो. पडलेला भाव तो कोठून भरून काढणार? ज्या देशात सरकारमान्य महासंघाबाहेर कामगारांना संघटना उभारण्यास मज्जाव आहे, तेथे या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास फार विद्वत्ता लागत नाही.

नाव मोठे असले म्हणजे परिस्थिती निराळी असते, असेही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने तैवानच्या जायंट कंपनीचा तेथे तयार झालेला माल रोखण्याचा आदेश काढला. सक्तीच्या मजुरीची लक्षणे आढळल्याचे कारण त्यात नमूद होते: कर्जाच्या ओझ्याने बांधलेले स्थलांतरित मजूर, अडकविलेले वेतन, बेसुमार जादा काम, हलाखीची राहणी. अमेरिकी सरकारला मजुरांचा कळवळा किती आणि व्यापाराचे राजकारण किती, याविषयी आम्हांस भ्रम नाही आणि त्या आदेशाचा अंतिम निवाडा काहीही होवो. पण जगातील सर्वांत मोठ्या सायकल कंपन्यांपैकी एकीबाबत असा प्रश्न उपस्थित होतो, तेव्हा निनावी साच्यातून निघालेल्या स्वस्त फ्रेमबाबत निर्धास्त कसे राहावयाचे?

‘दलाल हटवा’ ही घोषणा बुलढाणा जिल्ह्याला नवी नाही. कापसाच्या बाजारात ती पिढ्यान्‌पिढ्या गाजली आहे. १९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, तेव्हा व्यापाऱ्याच्या जागी सार्वजनिक यंत्रणा उभी राहिली. तिच्यात भ्रष्टाचार होता, विलंब होता, चुकारे थकत होते. तथापि भाव काय असावा हा प्रश्न विधिमंडळात विचारता येत होता. या शतकाच्या आरंभी तो एकाधिकार मोडीत निघाला. पुढे २०२० च्या कृषी कायद्यांनी पुन्हा दलालमुक्तीचेच आमिष दाखविले. एकट्या शेतकऱ्याला बड्या खरेदीदारापुढे उभे करणे यालाच तेथे स्वातंत्र्य म्हटले होते. वर्षभराच्या आंदोलनानंतर ते कायदे मागे घ्यावे लागले. या इतिहासाचा धडा सरळ आहे. दलालाची जागा संघटित शक्तीने घेतली तरच शोषणाला लगाम बसतो. ती नुसती रिकामी केली तर तेथे अधिक मोठा मालक येऊन बसतो.

सरकारी धोरणाचा पक्षपातही येथेच पाहावा. परदेशी सायकलवरील आयात शुल्क २०२३ च्या अर्थसंकल्पात ३० टक्क्यांवरून ३५ टक्के करण्यात आले. देशी कारखानदारीच्या रक्षणाला आमचा विरोध नाही. पण ऑगस्ट २०२५ मध्ये याच सरकारने परदेशी कापसावरील ११ टक्के शुल्क उठविले आणि ती माफी वर्षअखेरपर्यंत, म्हणजे नेमका आपला कापूस बाजारात येण्याच्या दिवसांत, चालू ठेवली. कारखानदाराच्या सायकलला तटबंदी आणि खामगावच्या बाजारात कापूस आणणाऱ्याला उघडे मैदान! यात राष्ट्रहित कोणते आणि वर्गहित कोणते, हे वाचकांनीच ठरवावे.

आणि त्या तटबंदीआड कारखानदारीने काय साधले? भारत हा चीनखालोखाल सर्वाधिक सायकली करणारा देश आहे. तरीही कार्बनच्या फ्रेमसाठी आपला तरुण शियामेनकडे पाहतो. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. तो आणि आसनसोलचा सेन-रॅले हे दोन्ही कारखाने १९८० साली संसदेच्या कायद्याने राष्ट्राच्या मालकीचे झाले. त्याच दशकात, १९८७ साली, १९७२ मध्ये स्थापन झालेल्या जायंटने कार्बनच्या फ्रेमचे घाऊक उत्पादन सुरू केले. आपले दोन्ही राष्ट्रीय कारखाने मात्र पुढे बंद पडले. राष्ट्रीयीकरणाचा फलक लावल्याने कारखाना जगत नाही, हा कडू धडा आपणही पचविला पाहिजे. खाजगी क्षेत्राने तरी कोणते दिवे लावले? साहिबाबादच्या अॅटलस कारखान्याच्या फाटकावर कामगारांना घरी बसविणारी नोटीस लागली ती ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनी.

हे तंत्र आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, असे म्हणण्यासही जागा नाही. सार्वजनिक क्षेत्रात बनणाऱ्या तेजस लढाऊ विमानाच्या सांगाड्याचा सुमारे ४५ टक्के भार अशाच संमिश्र पदार्थांचा आहे. विमानाचा पंख घडविणाऱ्या देशाला सायकलची फ्रेम अवघड का व्हावी? अवघड आहे ती इच्छा. डॉ. लोहियांनी छोट्या यंत्रांचा आग्रह धरला होता. वीज, छोटे यंत्र आणि कुशल हात यांच्या बळावर उत्पादन महानगराबाहेर नेता येईल, अशी त्यांची मांडणी होती. तंतू बनविण्यास प्रचंड कारखाना लागतो हे खरे. पण त्या तंतूची फ्रेम घडविण्यास साचा, भट्टी, शीतपेटी आणि शिकलेले हात पुरतात. हा उद्योग खामगावात उभा राहू शकत नाही, असे कोणी सिद्ध केले आहे?

तोवर आपल्या तरुणाच्या वाट्याला येते ती फक्त जोडणी. ती क्षुल्लक नाही. कार्बनवरील अनेक कळा पाच न्यूटन-मीटरच्या आसपासच आवळाव्या लागतात. हात जड पडला तर फ्रेम आतून तडकते. लोखंड वाकून इशारा देते. कार्बनची इजा रंगाखाली दडून राहते आणि एखाद्या उतारावर अकस्मात प्रकट होते. फ्रेमच्या चाचणीसाठी आयएसओ ४२१० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, पण घाटात उतरणाऱ्याच्या हाती विक्रेत्याच्या शब्दापलीकडे काय असते? साध्या काळ्या सायकलचा कोणताही भाग मेहकरच्या वा चिखलीच्या मिस्त्रीकडे बदलून मिळतो, कारण तिची मापे सर्वांची आहेत. नव्या सायकलींत पायट्याच्या दांड्याच्या बेअरिंगची मापेसुद्धा कंपनीगणिक बदलतात. ज्ञान असे कुलूपबंद झाले की मिस्त्री अडाणी ठरतो आणि त्याचे दुकान बंद पडते.

म्हणून कार्यकर्त्यांनी पुढील मागण्या हाती घ्याव्यात. जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत संमिश्र पदार्थांचे काम व दुरुस्ती शिकविणारा वर्ग सुरू व्हावा आणि त्यात जुन्या सायकल मिस्त्रींना प्रथम स्थान मिळावे. फ्रेमची चाचणी करून देणारे सार्वजनिक केंद्र विभागात असावे. मानव विकास योजनेतून शाळकरी मुलींना सायकली मिळतात. त्यांची जोडणी व देखभाल तालुक्यातील मिस्त्रींच्या सहकारी संस्थांकडे द्यावी आणि सर्वत्र मिळणाऱ्या मापांचे भाग ही खरेदीची अट असावी. ज्या समृद्धी महामार्गासाठी मेहकर, सिंदखेडराजाच्या शेतकऱ्यांची जमीन गेली, त्यावर सायकलला बंदी आहे. निदान त्या भागातील गावरस्ते तरी सायकलसाठी सुरक्षित करावेत.

आणि थेट मागणी करणाऱ्या तरुणांनाही एक सांगणे आहे. एकेकट्याने मागवू नका. दहाजण मिळून मंडळ करा, एकत्र मागणी नोंदवा आणि भावाबरोबर चाचणीचा दाखला मागा. फ्रेम घडविणाऱ्याला दिवसाला किती तास राबविले जाते आणि मजुरी काय मिळते, हेही लेखी विचारा. उत्तर येईल न येईल. पण हा प्रश्न विचारणारा ग्राहक आणि त्या साच्यापुढे उभा असलेला कामगार यांच्यात पहिला धागा तेथे विणला जाईल. कुरिअरच्या खोक्यातून तो येत नाही.